पंचमीची भरती

आमच्या शाळेवर 'जीवनशिक्षण मंदिर' अशी नवी पाटी लागली त्या वर्षी मी बावीस वर्षांचा होतो. देवळाच्या धर्मशाळेत भरणारी शाळा, चार इयत्ता आणि मास्तर मी एकटा. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की पुस्तक दुय्यम. मुलाच्या घरातून, गावातून, त्याच्या आईबापाच्या कामातून शिक्षण वर यायला हवं. मला ते मनापासून पटलं. गावी परतताना खाडी ओलांडणाऱ्या तरीवरच मी मनात धडे मांडत होतो.

प्रत्यक्षात आल्या त्या सूत कातायच्या टकळ्या आणि कापसाच्या पेळूंचा गठ्ठा. समुद्राच्या दमट वाऱ्यात पेळू ओले व्हायचे आणि सूत वीतभर आलं की तुटायचं. काथ्या वळण्याचं काम घराघरात होतं, म्हणून 'सुताऐवजी सुंभ चालेल का' असं मी वर लिहून विचारलं. उत्तर आलं नाही.

चौथीत एक मुलगी होती. वडील होडीवर जायचे. तिला पाऊणकी काही केल्या पाठ होत नव्हती. पाच पाऊण किती म्हटलं की ती आढ्याकडे बघायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, उद्या बाजारात काय करशील?"

तशी ती हळूच म्हणाली, "गुरुजी, पंचमीक भरती पावणेचाराक भरता. पाऊणकी म्हणजे तांच काय?"

मी थक्क झालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. ती ते बापाकडून शिकली होती, पण पाठ करायची पाऊणकी ती हीच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी टकळ्या बाजूला ठेवल्या आणि अख्ख्या वर्गाला खाडीवर नेलं. पाण्यात काठ्या रोवून आम्ही भरती मोजली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पोरं पाऊणकी ओरडत घरी गेली. ती मुलगी सगळ्यांच्या पुढे होती.

पुढच्याच महिन्यात डिपोटीसाहेब तपासणीला आले. मी मोठ्या उमेदीने तिला उभं केलं.

साहेबांनी विचारलं, "काय शिकलीस या महिन्यात?"

"भरती काढूक शिकलंय. आज पंचमी, म्हणजे पावणेचाराक भरती भरतली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ही काय भाषा? चौथीची मुलगी ना ही?" मग तिला म्हणाले, "नीट बोल. शुद्ध बोल."

ती पुन्हा तेच बोलली, जरा मोठ्याने. मागची दोन पोरं हसली. साहेबांनी हात पुढे केला, "बरं, सूत दाखव." सूत नव्हतंच. तिने मान खाली घातली.

मला बोलता आलं असतं. साहेब, उत्तर बरोबर आहे, तुमच्या प्रशिक्षणात सांगितलं तेच हे आहे, एवढं एकच वाक्य. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती आणि मला भीती वाटली. मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. शेऱ्यात आलं : हस्तोद्योग असमाधानकारक, भाषा अशुद्ध.

त्यानंतर ती वर्गात बोललीच नाही. चौथी पास झाली. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती, तिचं नाव तिथे गेलं नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"चेडू जाऊक नाय म्हणता, गुरुजी. आमी काय करतलव?"

ती दाराआड उभी होती. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माका बोलूक येणा नाय."

मी तोवर शाळेतल्या मुलांशी किंवा त्यांच्या पालकांशी कधी मालवणीत बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "तुका येता गो. तुझा उत्तर बरोबर होता."

आईने हातातलं काम थांबवलं. "बरोबर होता? मगे साहेबाक कित्याक सांगूक नाय तुमी?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. आईने मला पाणी आणि गूळ दिला. मी ते घेतलं आणि निघालो.

गणपतीनंतर ती मुंबईला मामाकडे गेली, त्याचं मूल सांभाळायला. रजिस्टरात 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना मला भरायचा होता. मी टाक शाईत बुडवला. आणि सगळे मास्तर लिहीत तेच लिहिलं : पालकांची अनास्था.