पुलाजवळची तीन वाक्यं

बातमी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली, पिकनिकला कोण काय आणणार या यादीच्या खाली. वसंतकाका गेले. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या त्यांच्या घरासमोर, कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावरही, डबा दोन दिवस रस्त्याकडेलाच राहिला, म्हणून शेजारच्या बाईंनी पोलिसांना फोन केला... काका तो डबा एरवी दुपारपर्यंतसुद्धा बाहेर ठेवत नसत.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलो आणि नोकरीसाठी थेट मिशिगनच्या जानेवारीत येऊन उतरलो. काका तेव्हा गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त व्हायला आले होते. पहिले दोन महिने त्यांनी आणि मालूकाकूंनी मला बेसमेंटमधल्या खोलीत ठेवून घेतलं. बर्फावर गाडी घसरली तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, हे काकांनी मला एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीवर शिकवलं. घसरायची ती गाडी त्यांची होती, पण ते एकदाही ओरडले नाहीत.

कारखान्यातला त्यांचा एक सहकारी व्हिएतनाममधल्या दा नांगचा. जेवणाच्या सुट्टीत तो गावच्या समुद्राबद्दल बोलायचा. निवृत्तीनंतर तिथे जायचं, असं काका-काकूंनी ठरवून ठेवलं होतं. काकू गेल्या, आणि दीड वर्षानं काका एकटेच जाऊन आले.

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मी मागे लागलो म्हणून काकांनी प्रवासलेख लिहिला, हातानं, आठ पानं. सगळं होतं तसं लिहिलं होतं. समुद्र सुंदर, वाळू स्वच्छ, पाणी कोमट. पण दुपारी त्या वाळूवर पाय ठेववत नाही. रस्त्यालगत उंच हॉटेलांची रांग, त्यातली काही अर्धवट बांधलेली. शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीलाही माशाचा वास. पहाटे मात्र गावातली म्हातारी माणसं पोहायला आणि व्यायामाला किनाऱ्यावर येतात. त्यातल्या एका आजीबाईंनी काकांना रांगेत ओढलं आणि त्यांचा वाकडा हात धरून सरळ करून दिला. 'माणसाचा हात लागून बरेच महिने झाले होते,' असं पुढे लिहिलं होतं.

ते वाक्य मी काढलं. शहरातल्या ड्रॅगनच्या आकाराच्या पुलाजवळची तीन वाक्यंही काढली. दिवाळी अंक आहे, वाचणाऱ्यांना जड होईल, असं मला मनापासून वाटलं. पुलाच्या जागी मी 'डोळ्यांचं पारणं फिटलं' असं घातलं. छापण्याआधी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "छान झालाय. तुझे शाळेतले गुरुजी निबंधाला दहापैकी नऊ देतील."

मी हसलो, आणि अंक छापायला पाठवला.

अंक सगळ्यांना आवडला. काका एकटे असूनही काय मस्त फिरतात यार, असं जो तो म्हणायला लागला. मग त्यांना जेवायला बोलवायची कोणाला घाई राहिली नाही. मलाही राहिली नाही. त्यांनी मला आठ पानं भरून सांगितलं होतं, आणि मी त्यातलं शुद्धलेखन तपासत बसलो होतो...

ती पानं माझ्याकडेच राहिली. कारखान्यातल्या नकाशावर असावं तसं सरळ, सुटं अक्षर. परवा मी माझ्या पेन्सिलच्या रेघा खोडून काढल्या, पण कागदावर त्यांचे वळ उरलेच आहेत. त्यांच्याखालची, पुलाजवळची तीन वाक्यं आज इथे जशीच्या तशी देतो आहे.

'पुलावरचा ड्रॅगन खरंच तोंडातून आग काढतो. आग निघाली की प्रत्येक जण आपल्या माणसाकडे वळून बघतो. मी कोणाकडे बघावं ते कळेना, म्हणून विझेपर्यंत आगीकडेच बघत राहिलो.'