भरपूर पाण्याबरोबर घ्यायची गोळी

शेवटची पोस्टिंग घराजवळ मिळाली. घर खुलताबादला, ड्युटी औरंगाबादच्या छावणीतल्या आमच्या लष्करी हॉस्पिटलात. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. मी सैन्याच्या वैद्यकीय शाखेत नर्सिंग असिस्टंट, हवालदार शेख रफीक. बर्फ, वाळवंट, जंगल, सगळीकडच्या वॉर्डांत एकोणीस वर्षं काढून आलो होतो. घराजवळ आलो म्हणून अम्मी खूश होती. मी थकलेला होतो. उरलेली तीन वर्षं शांत जावीत, एवढंच मनात होतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. सलग दुसरं. शहर मात्र थांबलं नव्हतं. गारखेड्याकडं गेलं की दर महिन्याला नवी इमारत दिसायची आणि प्रत्येक इमारतीपुढं बोअर मारणारी गाडी. त्या बोअरची पांढरी धूळ आणि रस्त्याची लाल धूळ वॉर्डाच्या खिडक्यांवर बसायची. सकाळी सहाला माझी ड्युटी सुरू व्हायची. आधी ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायचे, मग ताप, नाडी, बीपी. साडेसातला फरशी पुसायची, आठ खाटांना एक बादली पाणी. नऊला राउंड.

मार्चमध्ये एका सोमवारी साडेदहाला नाईक भागवत सोनवणे दाखल झाला. वय चौतीस. इन्फंट्रीत रेडिओ ऑपरेटर. गाव सोयगाव तालुक्यातलं. मूत्रपिंडाच्या आजारासाठी आठ महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. डोस हळूहळू उतरवत आणला होता आणि तो सिक लीव्हवर घरी होता. तीन आठवडे कोरडा खोकला, संध्याकाळी ताप. सोबत बायको होती, रेखा. तिनं त्याची फाईल पोटाशी धरली होती.

पडून असताना त्याचा ऑक्सिजन चौऱ्याण्णव दाखवत होता. वाईट नव्हे. मग तो उठून संडासला गेला. जायला पंधरा पावलं, यायला पंधरा. परत आला तो ओठ निळे. मी बोटाला मशीन लावलं. ब्याऐंशी. उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात मी हे पूर्वी पाहिलं होतं. मी मेडिकल स्पेशालिस्ट मेजर मेनन यांना फोन केला.

मेजर मेनन केरळच्या. कमी बोलायच्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांवर धुकं धरल्यासारखं दिसत होतं. त्या म्हणाल्या, हा बुरशीचा न्यूमोनिया असावा. ही बुरशी धडधाकट माणसाला काही करत नाही. ज्याची प्रतिकारशक्ती आजारानं किंवा औषधानं दबली आहे, त्यालाच ती गाठते. तपासणीसाठी नमुना पाठवला, पण रिपोर्टची वाट न पाहता सल्फाचं औषध मोठ्या डोसात सुरू केलं. मग त्यांनी फाईल उघडली आणि बोट एका ओळीवर ठेवलं. हीच सल्फाची गोळी, लहान डोसात, त्याला आठ महिन्यांपूर्वी लिहून दिली होती. नेमका हा आजार होऊ नये म्हणून.

“पूछो इससे, गोली लेता था?” त्या मला म्हणाल्या.

दुपारी रेखा नळावर गेली तेव्हा मी विचारलं. तो मास्कमधून तुटक बोलला. मध्ये दम खात होता.

“दोन महिने घेतली. मंग बंद केली, उस्ताद.”

“का?”

“डॉक्टर म्हणले, ह्या गोळीवर भरपूर पाणी प्या. घरात सात माणसं. टँकर चार दिवसांनी येतो. बाकीचं पाणी ती आणती डोक्यावर, दोन किलोमीटरवरून. मी एकटा तांब्यावर तांब्या कसा पिऊ?” थोड्या वेळानं म्हणाला, “तिला सांगू नका.”

मी मॅडमना कळवलं. फाईलमध्ये नोंद झाली. रेखाला सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस औषध चालू असूनही उतार पडला नाही. मॅडमनी ते आधीच बजावलं होतं. भागवतला बोलायची बंदी होती, पण तो रेडिओवाला. सकाळी मी खाटेजवळ गेलो की बोट वर करून म्हणायचा, “रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर.” म्हणजे, माझा आवाज नीट येतोय का. मी म्हणायचो, “ओके. ओव्हर.” तेवढ्यानं त्याला बरं वाटायचं. बुधवारी सकाळी त्यानं बोट वर केलं, शब्द आला नाही. मिनिटाला चाळीस श्वास. मास्कवर पूर्ण ऑक्सिजन सोडूनही आकडा ऐंशीच्या वर टिकत नव्हता. मी सव्वाआठला मॅडमना बोलावलं. त्या नऊ मिनिटांत आल्या.

धमनीतलं रक्त तपासून झालं. रिपोर्टही आला होता, बुरशीच होती. अकराला मॅडमनी रेखाला बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांना मराठी येत नव्हती, रेखाला हिंदी पुरती कळत नव्हती. मी मध्ये उभा राहिलो.

मॅडम म्हणाल्या ते मी सांगितलं. औषधानं बुरशी मरते आहे, पण मेलेली बुरशी फुप्फुसातच पडते. शरीर तिच्यावर तुटून पडतं आणि त्या झटापटीत फुप्फुस आणखी सुजतं. ही सूज उतरवायला पुन्हा स्टेरॉइड द्यावं, मोठ्या डोसात, असं त्यांचं मत आहे.

रेखानं माझ्याकडं पाहिलं. “त्याच गोळ्या? ज्यांनी तोंड सुजलं, साखर वाढली? ज्यांनी अंगातली ताकद गेली, म्हणून हे झालं म्हणता?”

“तेच औषध,” मी म्हणालो.

मॅडमनी विचारलं, ती काय म्हणते. मी सांगितलं.  मग त्या जे बोलल्या तसं स्पष्ट बोलणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. एचआयव्हीच्या रोग्यांना या न्यूमोनियात श्वास असा बिघडला की स्टेरॉइडनं जीव वाचतो, हे पक्कं माहीत आहे. भागवतसारख्यांत, ज्यांची ताकद दुसऱ्या कारणानं गेली आहे, डॉक्टरांचं एकमत नाही. फायदा होऊ शकतो. दुसरा संसर्गही शिरू शकतो. उशीर केला तर हे सगळं बोलणंच वाया जाईल.

मी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही.

रेखा म्हणाली, “भाऊ, तुमचा माणूस असता तर तुम्ही काय केलं असतं?”

हा प्रश्न मला बावीस वर्षांत खूप जणांनी विचारला. एरवी मी डॉक्टरकडं बोट दाखवत असे. त्या दिवशी म्हणालो, “दिलं असतं.”

“मंग द्या,” ती म्हणाली.

अकरा वीसला मी इंजेक्शन भरलं. नाव, डोस, वेळ मोठ्यानं वाचून शिरेतून दिलं.  नंतर स्टोअरमध्ये जाऊन पाच मिनिटं खुर्चीवर बसलो.

शुक्रवारी आकडा नव्वदवर आला. शनिवारी ब्याण्णव. रविवारी ऑक्सिजन निम्म्यावर आणला. साखर वाढली, त्यासाठी इन्सुलिन लागलं. तो उठून बसायला लागला. त्याला रोज दाढी लागायची. मी करून द्यायचो आणि वाटीभर पाण्यात काम भागवायचो. ते बघून तो हसायचा.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी त्याचं सलाइन बदलत होतो. रेखा स्टुलावर बसून त्याला भाताची पेज भरवत होती. त्यानं तिचा हात थांबवला आणि स्वतःच सांगून टाकलं. गोळी बंद केली होती. पाण्यापायी. तुझी खेप वाढू नये म्हणून.

मी नळी हातात धरून तसाच उभा राहिलो. जावं की थांबावं कळेना. रेखानं चमचा वाटीत ठेवला. रडली नाही. 

“एक खेप,” ती म्हणाली. “मी अजून एक खेप केली असती. इचारायचं तरी.”

“चुकलं,” तो म्हणाला.

“व्हय. चुकलंच.” आणि तिनं पुन्हा चमचा उचलला.

गुरुवारी त्याला पुन्हा ताप भरला. या वेळी थंडी वाजून. रक्तात दुसरे जंतू निघाले. औषधं बदलली. शुक्रवारी त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. शनिवारी दुपारी चार दहाला नाईक भागवत सोनवणे गेला. त्याच्या हातात हात रेखाचा होता, नाडीवर बोट माझं.

संध्याकाळी कागद पुरे करताना मी मेजर मेनन यांना विचारलं, स्टेरॉइड दिलं नसतं तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्याच बुधवारी गेला असता, असं मला वाटतं. पण नक्की माहीत नाही, रफीक, आणि कधी माहीत होणारही नाही. मग त्यांनी मला चहा प्यायला सांगितलं. मी प्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला गावी नेलं. मी, रेखा, ड्रायव्हर आणि युनिटचे सहा जवान. सिल्लोडच्या पुढं दोन्ही बाजूंनी रान उघडं पडलं होतं. गावात त्या दिवशी टँकरचा वार नव्हता. घरी पोहोचलो तेव्हा अंगणात एक रिकामं घंगाळ ठेवलेलं होतं, अंघोळ घालायला. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण आधी शेजारची म्हातारी तांब्या घेऊन आली. मग एकेक घर. मशिदीजवळच्या दोन घरांतूनही आलं. तांब्या, कळशी, कुणाच्या हाती नुसता पेला. घंगाळ भरलं. जवानांनी मानवंदना दिली. रेखा दाराशी उभी होती. निघताना तिनं मला पाणी विचारलं. मी नको म्हणणार होतो. तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तांब्या घेतला. सगळा प्यालो.

त्यानंतरची तीन वर्षं, ती गोळी लिहून दिलेला कुणीही जवान घरी निघाला की मी त्याला विचारायचो, घरी पाणी किती दिवसांनी येतं. काही जण हसायचे. बीडचा एक जण हसला नाही. म्हणाला, आठ. मी मॅडमकडं घेऊन गेलो. त्यांनी दुसरा उपाय काढला.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भागवतच्या गावच्या शाळेत भिंतीवर पाटी आहे. लढाईत गेलेल्या दोन जवानांची नावं तिच्यावर आहेत. भागवतचं नाही. नियमानं ते बरोबर आहे, मी तक्रार करत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो. नाईक भागवत सोनवणे, रेडिओ ऑपरेटर, इन्फंट्री. चौदा वर्षं नोकरी, त्यातली पाच बर्फात. वर्तन उत्तम. घरातल्यांना पुरावं म्हणून स्वतः पाणी कमी प्यायला.