समासातली कस्तुरी

मधुमती चांदोरकर तीस वर्षं लीड्समध्ये राहत होत्या. नवरा, डॉ. जयंत, हॉस्पिटलात. मुलं लंडनला गेल्यावर त्या आठवड्यातून दोन दिवस एका चॅरिटी शॉपमध्ये दानात आलेलं सामान निवडायला जाऊ लागल्या.

२००७च्या फेब्रुवारीत एका घरमालकाने वारलेल्या भाडेकरणीचं सामान आणून टाकलं. नऊ पिशव्या कपडे, सगळ्यांवर दुकानाची लेबलं तशीच. शेवटच्या खोक्यात जपानी कॉमिक्स, इंग्रजीत आलेली, उजवीकडून डावीकडे वाचायची. लहान मुलांची असतील म्हणून मधुमतींनी एक चाळलं, तर त्यात टोकियोतली तिशीची, ऑफिसात जाणारी बाई. ती रोज काहीतरी विकत घ्यायची, पिशवी न उघडताच कोपऱ्यात ठेवायची आणि उभ्याउभ्या नूडल्स खायची. पानागणिक खोलीत तिलाच जागा कमी पडत होती.

समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं : ‘आज मीही बूट घेतले. काळे.’ पुढे एके ठिकाणी : ‘दुकानातल्या मुलीने विचारलं, हाऊ आर यू. बरं वाटलं.’

मधुमतींनी पानं मागे उलटली. पहिल्या पानावर नाव होतं, कस्तुरी देवस्थळी.

महाराष्ट्र मंडळात कुणाला ते नाव ठाऊक नव्हतं. त्यांची मैत्रीण यमुना मात्र थबकली. "अगं, मंडळाच्या गणपतीला दाराशी उभी होती तीच का? आयटीतली? तू तिला प्रसाद दिलास की!"

"मी?"

"आत ये ना, असंही म्हणालीस. मग तुला कुणीतरी हाक मारली."

मधुमतींना चेहरा काही केल्या आठवेना. त्यानंतर बाजारात काचेसमोर उभं राहिलं की मागे कुणीतरी आहेसं वाटायचं. वळून पाहावं तर गर्दी आपल्या वाटेने चाललेली.

शेवटी घरमालकाकडून नंबर घेऊन त्यांनी पुण्याला तिच्या भावाला, मिलिंदला फोन केला. पुस्तकं पाठवू का, विचारलं.

"नकोत, काकू. एकच सांगा, तिचं तिकडे बरं चाललं होतं ना? फोनवर सारखी सांगायची, आज हे घेतलं, आज ते घेतलं. ख्रिसमसच्या सुट्टीत खोलीतच गेली, ऑफिस उघडल्यावर कळलं म्हणे."

मधुमतींनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "बरं चाललं होतं. आम्ही सगळे ओळखायचो तिला."

पलीकडे तो रडू लागला.

फोन ठेवल्यावर जयंतनी विचारलं, "कोण गं?"

"आपल्या कस्तुरीचा भाऊ," त्या म्हणाल्या.