अंगठ्यावर पुस्तक मिळत नाही

“हात मागे घे.”

मोठे गुरुजी एवढंच म्हणाले. मी दोन्ही हात पुढे केले होते. माझ्या आधीच्या पोरांनी तसेच केले होते आणि गुरुजींनी प्रत्येकाच्या हातावर एकेक पुस्तक ठेवलं होतं. माझ्यापाशी येऊन ते थांबले. पुस्तक छातीशी धरलं.

“पालकाची सही?”

“बाप वारला, गुरुजी. माय अंगठा लावते.”

“अंगठ्यावर पुस्तक मिळत नाही.”

माझं पुस्तक माझ्या डोक्यावरून मागच्या पोराकडे गेलं. वर्ग हसला. मी हात मागे घेतले, पण ते कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी परकराच्या घोळात दडवले.

मी सहावीत होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उंद्रीहून दीड कोस आत आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आम्ही बौद्ध झालो होतो, तरी गाव आम्हाला जुन्याच नावानं ओळखायचं. शाळेत आम्ही दाराजवळ बसायचो. पाणी दुसऱ्यानं वरून ओतायचं, आम्ही ओंजळीनं प्यायचं. याला गुरुजी ‘पद्धत’ म्हणायचे.

त्या वर्षी पहिल्यांदा शाळेत फिरती पेटी आली. तालुक्याच्या वाचनालयाची लाकडी पेटी, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेला, आत चाळीस पुस्तकं. एसटीच्या टपावरून उंद्रीपर्यंत, तिथून छकड्यानं आमच्या शाळेत. दिवाळीनंतर आली, शिमग्यापर्यंत राहणार आणि मग पुढच्या गावाला जाणार. सगळी पुस्तकं लहान मुलांची. निम्म्या अद्भुत कादंबऱ्या, राक्षसांच्या, बोलणाऱ्या डोंगरांच्या. निम्मी जगातल्या माणसांवर. कोण बर्फात राहतं, कोण काय खातं, कुठे लग्नात काय गातात. दर शनिवारी पुस्तक बदलून मिळायचं.

गुरुजींना माझी दया आली असावी. म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे. पेटीची यादी दर शनिवारी तू फळ्यावर उतरव.” झालं. पोरांना पुस्तकं मिळाली, मला यादी मिळाली. खडूला विटाळ नव्हता.

कुसुम गुरुजींची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिला शनिवारची वाट पाहावी लागत नव्हती. सतरा नंबरचं पुस्तक तिनं पहिल्याच दिवशी घेतलं आणि परत म्हणून केलं नाही. देशोदेशीच्या लोकांचं, मोठं, रंगीत चित्रांचं. मधल्या सुट्टीत ते मांडीवर उघडं टाकून ती फुटाणे खायची. खायची आणि इकडेतिकडे बघायची. पुस्तकाकडे नाही. फुटाण्यांची सालं पानावर पडायची, ती झटकायचीसुद्धा नाही. मी दारातून बघायचे. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या रिबिनींचा नाही, चपलांचा नाही. त्या सालांचासुद्धा हेवा वाटायचा. त्यांना त्या पानावर पडता येत होतं.

कुणी म्हणेल, हेवा वाईट. म्हणो बापडे. ज्यांच्या मांडीवर पुस्तक असतं त्यांना असं बोलायला सोपं जातं.

मी यादी लिहिली की फळ्यासमोर पोरांचा घोळका व्हायचा. नुसत्या नावांवरून कुणाला काही उमगत नव्हतं. बशीर पहिल्यांदा आला. त्याचा बाप कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा.

“कोन्तं घेऊ वं? तूच लिवतं, तुले मालूम असन.”

मला काय मालूम असणार, कप्पाळ! पण ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, “चार नंबर घे. अन् वाचलं का मले पुरं सांगजो.”

त्यानं सांगितलं. चार नंबर ही कादंबरी होती. कोरड्या विहिरीच्या तळाशी एक राज्य असतं. तिथली माणसं उजेड मडक्यात भरून ठेवतात. एक मुलगी दोर सोडून खाली उतरते. इथपर्यंत बशीर आला आणि म्हणाला, पुढचं वाचता वाचता झोप लागली. मग मी ते पुस्तक माळ्याच्या पोरीला घ्यायला लावलं आणि पुढचं तिच्याकडून काढून घेतलं. शेवट तिसऱ्याकडून. तुकड्या-तुकड्यांची गोधडी होते, तसं एकेक पुस्तक माझं होत गेलं. पौष संपेपर्यंत चाळीसपैकी तीसेक पुस्तकं माझ्या डोक्यात होती. सतरा नंबर तेवढं नाही, कारण ते कुसुमच्या मांडीवरून हलतच नव्हतं आणि ती स्वतः ते वाचत नव्हती.

आणि कुणाला काय आवडेल ते मला बरोबर कळायचं. हे कुठून आलं माहीत नाही, पण कळायचं. मेंढ्या वळणाऱ्याच्या पोराला मी बारा नंबर सांगितलं. त्यात कुठल्याशा गवताळ मुलुखातले मेंढपाळ लोकरीच्या तंबूत राहतात. सोमवारी तो पळत आला. “आपल्यावानीच हायेत वं थे! मेंढ्याईले नावं ठेवतेत!” भित्र्या पोरांना दोन नंबर मी कधी सांगितलं नाही, त्यात शिर नसलेला पहारेकरी होता. घरी सावत्र आई असलेल्या पोरीला एकतीस नंबर सांगितलं आणि ती आठवडाभर माझ्याशी गोड बोलली. पोरं मला विचारल्याशिवाय पुस्तक घेईनात. मी सांगायचं आणि त्यांनी न्यायचं, असं चालू होतं.

एकदा कुसुमही आली. “चार नंबर कसं आहे गं?”

सगळ्यात चांगली कादंबरी ती. माझ्या तोंडात कडू आलं. मी म्हटलं, “लई रटाळ. शेवटी काहीच होत नाही.” तिनं ते घेतलं नाही. मला दिवसभर बरं वाटत राहिलं. एवढी एक गोष्ट माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. आजही फारशी वाटत नाही.

घरी मी आईच्या मागे लागले. “माय, तू सही शिक.”

आई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. बोंडांनी तिची बोटं चिरलेली असायची. म्हणाली, “ह्या वयात काऊन वं? अंगठ्यानं माह्यं काय अडलं?”

“माह्यं अडलं.”

दुसऱ्या दिवसापासून ती चुलीपुढच्या राखेत बोटानं ‘शेवंता’ लिहू लागली. लिहायची, मोडायची, पुन्हा लिहायची. वेचणीला वाकल्या वाकल्या काडीनं मातीत लिहायची, तेव्हा सोबतच्या बाया हसायच्या. “शेवंता मास्तरीण होऊन राह्यली,” म्हणायच्या. दोन महिन्यांनी तिनं माझ्या वहीच्या पानावर पेन्सिलीनं नाव लिहिलं. वर मी लिहिलं होतं, ‘माझ्या मुलीस पुस्तक द्यावे.’ खाली तिची सही. मी ते पान घडी करून दप्तरात ठेवलं आणि शनिवारची वाट बघत बसले.

त्या शनिवारी नेमके पेटी तपासायला बुलढाण्याहून साहेब आले. गुरुजींनी कोट घातला होता. साहेबांनी एकेकाला उभं करून विचारलं, काय वाचलं, काय आवडलं. पोरं धडाधडा बोलू लागली. मेंढपाळाचं पोर तर बसायलाच तयार नाही. साहेब खूश झाले.

“वा! यांना पुस्तकं निवडून कोण देतं?”

गुरुजींनी नम्रपणे हसायला सुरुवात केली होती. तेवढ्यात बशीर उठला आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. “थे सांगते, साहेब.”

साहेबांनी मला उभं केलं. “तू ही सगळी वाचलीस?”

मी काही बोलायच्या आत कुसुमचा आवाज आला, स्वच्छ, पाठ केल्यासारखा. “सर, हिनं एकही पुस्तक वाचलेलं नाही. हिला पुस्तक मिळतच नाही.”

“मग न वाचताच सांगतेस?” साहेब हसले. “अगं, याला थापा म्हणतात.”

वर्ग हसला. मला विचारून विचारून पुस्तकं नेणारी तीच पोरं हसली. मी दप्तरातून घडी काढली आणि पुढे जाऊन टेबलाच्या कडेवर ठेवली. “सही आणली, गुरुजी.”

गुरुजींनी कागद उचलला नाही. नुसता वाकून पाहिला. “सही हिनंच केलीय, साहेब. हिचं अक्षर फार चांगलं आहे. मुद्दाम वाकडं काढलंय.”

“मायनं केली.”

“मग बोलाव तिला.”

आई वेचत होती ते वावर शाळेमागेच होतं. मी पळत गेले. आई कमरेला कापसाची ओटी बांधलेली तशीच आली, केसांत कापसाच्या काड्या. ती पायरीखाली उभी राहिली. गुरुजींनी पुस्तकांचं रजिस्टर ओट्यावर ठेवलं आणि पेन्सिल तिच्यापुढे टाकली. ती खाली बसली. ‘शे’ काढला. थांबली. पेन्सिल पदराला पुसली, जशी काही चूक पेन्सिलीची होती. ‘वं’ काढला. ‘ता’ काढला. फार वेळ लागला, पण कुणी हसलं नाही.

साहेबांनी रजिस्टर उचलून सही पाहिली. मग सहज मागची पानं चाळली. “गुरुजी, इथं तर बरेच अंगठे दिसतात.”

बशीरच्या बापाचा अंगठा होता. मेंढपाळाचा होता. सात-आठ अंगठे होते, निळ्या शाईचे, आणि त्या सगळ्यांच्या घरी पुस्तकं गेली होती.

“त्यांची गोष्ट वेगळी, साहेब,” गुरुजी म्हणाले. “गावाला सांभाळून घ्यावं लागतं. उद्या लोक म्हणतील, त्या घरातून आलेली पुस्तकं आमच्या घरात नकोत. पेटीच बंद पडेल.”

आईला किती कळलं ठाऊक नाही. ती पेन्सिल हातात धरून बसली होती. मला मात्र सगळं कळलं. दोन महिने ती राख उकरत होती ती एका नसलेल्या नियमासाठी.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. माणूस वाईट नसावा. त्यांनी तोड काढली. “असं करू. ही इथं ओट्यावर बसेल. तुमची मुलगी पानं उलटेल. हिनं बघावं, वाचावं. म्हणजे कुणाची तक्रार नको.” गुरुजींनी लगेच मान डोलावली.

कुसुम सतरा नंबर घेऊन आली. माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि पुस्तक उघडलं. मी पहिल्यांदा ते जवळून पाहिलं. पाण्यात रोवलेल्या खांबांवर घर. त्याच्या शिडीवर माझ्याएवढी मुलगी, हातात मासा, दात काढून हसत होती. खाली सहा ओळी. मी दोन वाचल्या. त्या मुलीचं नाव काय, ते मला हवं होतं. इतकं हवं होतं की लाळ गिळावी लागली. कुसुमचं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“झालं? उलटू?”

माझ्या चार ओळी राहिल्या होत्या. माझं वाचून झालं की नाही ते ती ठरवणार होती. माझं डोकं फिरलं.

“नको,” मी म्हटलं. “पुस्तक माह्या हातात द्या. नाही तं नको.”

गुरुजी हळूच म्हणाले, “माज बघा.”

मी उठले. फळ्याशी गेले आणि चाळीसही नावं पंजानं पुसून टाकली. “ज्याले हात लावू देत नाही, त्याची यादी मी नाही लिहीत.” गुरुजींनी छडी काढली. चार मारल्या. पाचवी मारताना साहेब म्हणाले, जाऊ द्या, लहान आहे.

वाटेत आई माझ्यावर चिडली. “काऊन नाही म्हटलं वं? इतके दिवस बोटं घासली म्या. पान तं पाह्यलं असतं.”

“तिच्या हातानं नाही पाहायचं मले.”

“लई शहाणी,” आई म्हणाली. वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी थांबून तिनं ओटी पुन्हा आवळली आणि वेचायला गेली. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मी चुकले असं तिला वाटत होतं आणि मी तिला समजावू शकले नाही.

पुढच्या शनिवारी बशीर सदऱ्याच्या आत चार नंबर लपवून आमच्या वस्तीत आला. “घे. कोनी पाह्यत नाही.” मी पुस्तकाकडे पाहिलं. म्हटलं, “परत ने. चोरून नको.” त्याला वाटलं माझं डोकं सरकलं. पुस्तक पुन्हा सदऱ्यात घालून तो गेला.

शिमग्याला पेटी छकड्यावर चढली. पोरं मागे पळत होती, कुसुम सगळ्यांच्या पुढे. मी चाळीसपैकी एकही पुस्तक वाचलं नव्हतं. पाण्यावरच्या घरातल्या मुलीचं नाव मला कळलं नव्हतं आणि कुसुमला ते हवं तेव्हा कळू शकलं असतं. हेवा माझ्या घशात अडकलेला होता आणि मी तो गिळला नाही. बांधावर उभी राहून ठरवलं. जिथं पुस्तकं असतील तिथं मी जाणार. चिखलीला, बुलढाण्याला, लागलं तर पार पुढे. पायरीखाली थांबणार नाही, ओट्यावर बसणार नाही. आत जाऊन कपाट उघडीन, हवं ते काढीन आणि माझं वाचून होईपर्यंत खाली ठेवणार नाही. त्यानं कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. माझं वाईट वाटून झालेलं आहे.