मामाजींसमोर अडकलेलं झाकण

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी नववीच्या वर्गात पत्र्याच्या डब्यात पाणी उकळतो, घट्ट बूच लावतो आणि वरून गार पाणी ओततो. डबा आपोआप चेपतो, मुलं टाळ्या पिटतात आणि मी ऐटीत विचारतो, "सांगा, काय झालं?" हे आधी सांगितलं म्हणजे पुढची फजिती जास्त शोभून दिसेल.

बायको सेवाग्रामला नर्स आहे. त्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती, आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी, डोळे तपासायला सेलूकडच्या गावाहून आले होते. "बाबांना मी जेवू घालतो, तू जा," असं मी छाती फुगवून म्हणालो. तिनं जाताना एकच ताकीद दिली : शुगरची गोळी दिली की अर्ध्या तासाच्या आत ताट पुढ्यात पाहिजे. पोळ्या मला येत नाहीत, म्हणून वरण आणि भात एकाच कुकरमध्ये लावले. तुरीची डाळ मामाजींनीच शेतातली आणली होती.

शिट्ट्या झाल्या. मी गोळी दिली आणि कुकर लवकर निवावा म्हणून सरळ नळाखाली धरला. मग झाकणाचा दांडा फिरवला. ढिम्म.

फडकं गुंडाळून फिरवला. कुकर दोन पायांत दाबून, दात-ओठ खाऊन फिरवला. मामाजी दारात खुर्ची टाकून शांतपणे बघत होते. आमच्याकडे जावयाचा मान भारी. तो चुकतोय असं सासऱ्यानं तोंडावर म्हणायचं नाही. अठरा वर्षांत त्यांनी मला एकदाही टोकलं नव्हतं, आणि ते मी माझ्या हुशारीच्या खात्यावर टाकलं होतं.

"मामाजी, तवरोक बिस्किट घ्या."

"नाई जवाईबापू. वरण होऊन राह्यलं नं."

गोळीला वीस मिनिटं झाली. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. तो उकाड्याचा की साखर उतरल्याचा, हे कळेना आणि माझी गाळण उडाली. मी पेचकस आणि हातोडी काढली.

हातोडी पाहून मात्र ते उठले. "राग नोका येऊ देऊ, पन हे ठेवा बाजूले."

त्यांनी कुकर पुन्हा बारीक गॅसवर ठेवला. दोन मिनिटांत शिट्टीखालून वाफ निघायला लागली तसा गॅस बंद केला, मला मागे सारलं, लांब चमच्यानं शिट्टी जराशी उचलली आणि सगळी वाफ जाऊ दिली. आवाज पुरता थांबेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. मग दांडा फिरवला. झाकण निघालं.

"आतली वाफ थंडी झाली का बाहेरची हवा झाकनाले दाबून धरते," ते म्हणाले. नववीतल्या कुणी हे उत्तर दिलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

"तुमाले माहीत होतं, तर काऊन नाई सांगतलं?"

"तुमी जवाई. त्यात मास्तर."

मी घाईनं ताट वाढलं. चार घास पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"तुमची सासू गेली, तवा मायाबी कुकर असाच अडकलता," ते भात कालवत म्हणाले. "दोन दिवस उघडला नाई."

"मंग?"

"मंग काय, मुरमुरे खाल्ले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गॅसवर ठेवून पाह्यला, तवा निघाला. पोरीले फोन करनार होतो. पन तिले वाटलं असतं, बाबाले जमत नाई."

सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं आम्ही दर रविवारी फोनवर विचारत होतो, जेवलात का? ते म्हणत, हो, मस्त. आम्ही फोन ठेवून देत होतो. मला फार लाज वाटली.

"वरण कसं झालं, मामाजी?"

"मस्त."

"जवाई राहू द्या बाजूले. खरं सांगा."

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"मीठ नाई," ते म्हणाले. "अन् डाळ कच्ची हाय."