न घातलेले कंस

मंडळी, गेल्या आठवड्याच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं की, लॅटिन हस्तलिखिताचं अख्खं पान मी वाचलं. ते खरं नव्हतं. त्यातले सात शब्द मी अंदाजाने भरले होते.

मध्ययुगातले लेखनिक शब्द अर्धाच लिहून वर रेघ ओढायचे. उरलेली अक्षरं वाचणाऱ्याने पुरवायची, पण कंसात, म्हणजे मूळचं काय आणि आपलं काय ते कळतं. मी कंस घातलेच नाहीत. लहानपणी घरी बाबांनी मोडी शिकवली ती अशीच. "अडलीस तरी थांबू नकोस, संदर्भाने वाच," म्हणायचे. न अडखळता वाचलं की खूश व्हायचे.

आज प्राध्यापकांनी मी उतरवून दिलेलं पान वर्गात वाखाणलं आणि त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या लिंडाला दिलं. तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण आता त्यावर उभं राहणार.

"माझा महिना वाचवलास तू," ती म्हणाली. मी नुसती हसले.

घरी येऊन रूममेट सुनंदाला सांगितलं.

"सातच ना यार? सहाशे वर्षांत कुणी विचारलं नाही, आता कोण विचारणारे?"

"लिंडाला विचारतील. तिच्या तोंडी परीक्षेत."

"मग सांग बाई. प्राध्यापकांकडची असिस्टंटशिप गेली तर माझ्यापुढे रडू नकोस."

तुमच्यापैकी कुणी अशी चूक आपणहून सांगितली आहे का? त्यानंतर तुमच्या वाचनावर कुणी विश्वास ठेवला का?

लिंडा प्रकरण शुक्रवारी देणार आहे. मी तिला आणि प्राध्यापकांना गुरुवारी सांगणार.