जपानी हिरोची हिंदी
पोळ्या गुंडाळायला फॉईल फाडली की मला अमेरिकेत सांता क्लारातल्या अपार्टमेंटमधला तो शनिवार आठवतो आणि अजूनही डोकं फिरतं. नवऱ्याने लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या जपानी सुपरहिरोच्या मालिकेच्या डीव्हीडी थेट जपानहून मागवल्या होत्या. सहा वर्षांच्या मुलाला हिरोसारखा चंदेरी पोशाख म्हणून माझा अख्खा फॉईलचा रोल गुंडाळून त्याने सोफ्यावर बसवलं, लॅपटॉपवर पहिला भाग लावला आणि वैतागला, “अरे, हा जपानी का बोलतोय?” भारतात मालिका हिंदीत डब होऊन यायची, हे तो साफ विसरला होता. मुलगा शांतपणे म्हणाला, “बाबा, ही इज जॅपनीज.” मी म्हटलं, “बंद कर ते, उद्या त्याची मराठी शाळा आहे, होमवर्क राहिलाय.” नवऱ्याने फक्त आवाज बंद केला आणि रबरी राक्षसांसकट सगळ्यांचे डायलॉग संध्याकाळपर्यंत स्वतःच हिंदीत म्हटले. त्या मराठी शाळेत मी मुलाला पुढे चार वर्षं दर रविवारी ड्राइव्ह करून नेलं. आता तो नोकरीला लागलाय, मराठीत दोन वाक्यं बोलताना अडखळतो, पण फोन केला की घोगऱ्या आवाजात, एकही चूक न करता म्हणतो, “शैतान, आज तेरा आखिरी दिन है.” मी फोन नवऱ्याच्या हातात देते.